सातवीच्या वेलावरची फुलं

सातवीच्या विज्ञानात फुलाच्या अंतरंगाचं एक पान आहे. ते पान मी पंधरा-सोळा वर्षं शिकवलंच नव्हतं. कागदावर सगळं व्यवस्थित असायचं. टाचणवहीत 'फूल : रचना व कार्य' असं ठळक लिहिलेलं, खाली लाल रेघ. फळ्यावर जास्वंदीचं मोठं चित्र काढायचं, पाकळ्यांना लाल खडू फासायचा, बाण काढून सगळी नावं लिहायची आणि समजावताना पुमंग-जायांगापाशी, म्हणजे फुलाच्या नर-मादी भागांपाशी, आलं की घड्याळाकडे बघून म्हणायचं, "उरलेलं घरून वाचून या." मुलं खाली माना घालून खुसखुसायची. माझ्या लहानपणी आमच्या बाईंनीही नेमकं हेच केलं होतं. त्यामुळे हा धडा असाच शिकवतात, अशी मी स्वतःची समजूत घालून घेतली होती.

आमची शाळा पूर्णा गावात. तीन बाजूंना गोदामं, चौथ्या बाजूला रस्ता आणि रस्त्यावर कंटेनर. मी भिवंडीतून शेअर रिक्षाने येते. वर्गातल्या बहुतेक मुलांच्या घरची माणसं गोदामांत कामाला. कुणी पॅकिंगला, कुणी लोडिंगला, एकीच्या वडलांचा स्वतःचा टेम्पो. ही टेम्पोवाल्याची मुलगी पहिल्या बाकावर बसायची. दोन घट्ट वेण्या, पुढचा एक दात अर्धा तुटलेला, आणि प्रश्न विचारताना उभं राहायच्या आधीच बोलायला सुरुवात. पहिला बाक तिला हुशारीमुळे मिळाला नव्हता. नजरेसमोर असलेली बरी म्हणून मी तो तिला दिला होता.

शाळा सुरू होऊन आठवडा झाला नव्हता, तोवर तिने नवीन पुस्तक चाळून संपवलं आणि बरोब्बर त्या पानावर बोट ठेवून विचारलं, "बाई, गेल्या वर्षीच्या ताई सांगत होत्या, हे पान तुम्ही शिकवत नाही. का हो?"

अख्ख्या वर्गाने पुस्तकं काढून तेच पान उघडलं.

"कोण म्हणतं?" मी म्हटलं. "यंदा तर ते पान मी प्रत्यक्ष दाखवणार आहे. बी पेरायची, वेल वाढवायचा, त्याला फुलं आली की मग शिकायचं."

खरं सांगायचं तर मला दोन महिने हवे होते. बी रुजून फुलं येईपर्यंत तेवढे सहज जातात, आणि तोवर ही पोरगी ते पान विसरेल, असा माझा हिशेब होता.

शाळेत खिचडी शिजवणाऱ्या मावशी दिघाशी गावच्या. त्यांच्याकडे राखेत घोळवून ठेवलेल्या लाल भोपळ्याच्या बिया होत्या. त्या त्यांनी पुडी बांधून आणून दिल्या. "पर सातवीची पोरां वेल जगवतील, असा मला तरी भरोसा न्हाय," असंही बजावलं. गोदामवाल्यांनी फेकलेले थर्माकोलचे खोके आम्ही गोळा केले, माती भरली, आणि प्रत्येकाने एकेक बी पेरली.

आता बी पेरल्यावर माणसाने गप्प बसावं. सातवीला ते जमेना. दर मधल्या सुट्टीत मुलं बिया उकरून बघायची आणि पुन्हा पुरायची. "अजून काहीच नाही, बाई!" अशी तक्रार घेऊन यायची. मी म्हटलं, तुम्हाला कुणी दर तासाला पांघरूण ओढून उठवलं तर तुम्ही तरी वाढाल का? त्यावर एक जण म्हणाला, "माझी आई उठवते. तरी वाढतोय."

शेवटी मी पारदर्शक प्लास्टिकच्या ग्लासांत ओला कापूस घातला आणि कडेने बिया लावल्या, म्हणजे उकरायला नको, बाहेरूनच दिसेल. तिथेही पैज लागली. बी उलटी लावली तर मूळ वर येणार आणि पान खाली जाणार, असा अर्ध्या वर्गाचा दावा होता. आम्ही एक बी सुलटी लावली, एक उलटी, एक आडवी. चौथ्या-पाचव्या दिवशी बियांना तडा जाऊन पांढरं आदिमूळ बाहेर आलं. उलट्या बीचं मूळ आधी वर आलं, थबकल्यासारखं झालं आणि दुसऱ्या दिवशी वळसा घालून खाली गेलं. पैज हरलेल्यांनी ग्लासच उलटा करून ठेवला. दोन दिवसांनी मूळ पुन्हा वळून खाली निघालेलं. "बाई, याला कळतं कसं?" असं विचारत ती मुलं ग्लासाभोवती डोकी लावून बसली. झाडाची मुळं जमिनीच्या ओढीच्या दिशेने वाढतात, हे मी सांगितलं. पण ते मी सांगायच्या आधी त्यांनी पाहिलं होतं, त्यामुळे माझ्या सांगण्याला कुणी फारसा भाव दिला नाही.

खोक्यांतल्या बियाही एकेक करून वर आल्या. पहिली दोन पानं जाड, गुळगुळीत, लांबट. ही बीजपत्रं, बीमधली शिदोरी, असं मी शिकवत होते. तेवढ्यात मागे ठेवलेल्या खोक्यांपाशी आरोळी उठली, "बाई, चमत्कार! आमच्या भोपळ्याच्या बीला मिरची आली!"

टेम्पोवाल्याच्या मुलीच्या खोक्यात खरंच मिरचीचं वीतभर रोप उभं होतं. ताठ आणि टवटवीत. एका रात्रीत आलेलं. सगळा वर्ग गोळा झाला. तिचा चेहरा इतका निरागस होता, की मला तिथेच हसू यायला लागलं. मी गंभीरपणे म्हटलं, "विज्ञानात अशी गोष्ट घडली तर आधी तपासायची." आणि रोप हलकेच मातीतून उचललं. मुळांचा जुडगा गोल, खाली सपाट, वर किंचित रुंद. वाटीसारखा. त्या सपाट बुडावर गोल वळ्या उमटलेल्या.

"हे रोप कुठे वाढलंय, ओळखा," मी वर्गाला विचारलं.

दोन क्षण विचार करून मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, "दह्याच्या डब्यात!"

मूळ ज्या जागेत वाढतं त्या जागेचा आकार घेतं, हे त्या दिवशी सगळ्यांना पाठ झालं. मिरचीची शिक्षा म्हणून ती मिरची वर्षभर जगवायची, असं मी तिला फर्मावलं. तिची स्वतःची भोपळ्याची बी कुजली होती, हे तिने मला नंतर जिन्यात, कुणी नसताना सांगितलं. "सगळ्यांची आली आणि माझीच नाही आली, बाई," एवढंच म्हणाली. मी तिच्या वेणीला हलकीच टपली मारली. 

जोमदार तीन रोपं आम्ही शाळेच्या मागच्या भिंतीलगत लावली. दोन बकरीने खाल्ली. तिसरं वाचलं आणि असं सुटलं की विचारू नका. आज भिंतीच्या पायथ्याशी, चार दिवसांनी खिडकीच्या गजाला. त्याचे तणावे बघायला मुलांची रांग लागायची. दोरीसारखा बारीक हिरवा तंतू, जे हाताशी लागेल त्याला वेढा घालणारा. एका मुलाने त्यापुढे बोट धरलं आणि तास संपला तरी हलायला तयार नव्हता. "बाई, थोडंसं वळलंय. आता सोडलं तर फुकट जाईल."

आमचे मुख्याध्यापक सर नीटनेटके. शर्टाच्या खिशाला दोन पेनं, हातात कायम लांब दांड्याची काळी छत्री. एका शनिवारी त्यांनी छत्री मागच्या खिडकीच्या गजाला अडकवली आणि विसरले. सोमवारी बघतात तर छत्रीच्या दांड्याला दोन तणावे आणि मुठीला एक, स्प्रिंगसारखे घट्ट गुंडाळलेले. सर कात्री मागायला लागले. सातवीच्या मुली छत्रीसमोर कडं करून उभ्या राहिल्या.

"सर, नका ना! आमचा प्रयोग आहे."

"अगं, पण छत्री माझी आहे."

"छत्री तुमची, सर. तणावे आमचे."

बाहेर पाऊस धो धो पडत होता. सर माझ्याकडे मदतीच्या आशेने बघत राहिले. मी वहीत काहीतरी लिहीत असल्यासारखं केलं. त्या दिवशी सर डोक्यावर हजेरीपट धरून रिक्षापर्यंत धावले. पुढचे तीन दिवस छत्री वेलाकडेच होती. मग मुलींनी शेजारी काठी उभी केली आणि तणावे एकेक करून हलक्या हाताने तिच्यावर चढवून दिले. छत्री सुटली.

ऑगस्ट लागला आणि वेलाला कळ्या आल्या. माझे दोन महिने संपत आले होते. पोरगी ते पान विसरलेली नव्हती. रोज सकाळी आली की आधी वेलाकडे, मग माझ्याकडे. "बाई, आज फूल आलं. आज शिकवणार?" मी म्हणायची, "एका फुलाने काय होतंय? येऊ दे अजून."

आणि मग एक विचित्र प्रकार सुरू झाला. सकाळी सातला शाळा भरताना वेलावर दहा-बारा पिवळीधमक फुलं असायची, आणि मधल्या सुट्टीत बघावं तर एकही नाही. देठासकट गायब. मला मनातून बरंच वाटलं, फूल नाही तर पान नाही. पण मुलं पेटली. त्यांनी फळ्याच्या कोपऱ्यात संशयितांची यादी लिहिली. बकरी, खार, पाचवीची मुलं, गोदामाचे लोडर. बकरीला दोन दिवसांनी सोडून दिलं, कारण ती पानंही खाते आणि पानं जागच्या जागी होती. पाचवीच्या मुलांच्या दप्तरांची झडती झाली. त्यात फुलं सापडली नाहीत, पण आमच्या प्रयोगशाळेचं हरवलेलं भिंग सापडलं.

टेम्पोवाल्याची मुलगी म्हणाली, "बाई, आपण पहारा देऊ या. तुम्ही पण चला. मोठं माणूस साक्षीला पाहिजे."

मग काय, दुसऱ्या तासाला मी आणि ती, दोघी पाण्याच्या टाकीमागे उकिडव्या बसलो. विज्ञानाची शिक्षिका, अंगावर इस्त्रीची साडी, आणि शेजारी सातवीची पोरगी तोंडावर बोट ठेवून मलाच गप्प राहायला सांगतेय. दहा मिनिटं झाली असतील. स्वयंपाकघराचं मागचं दार उघडलं. खिचडीवाल्या मावशी पदर खोचून आल्या, भराभरा फुलं खुडली, ओच्यात टाकली आणि आत गेल्या.

आम्ही मागोमाग गेलो. कढईत तेल तापलेलं, बाजूला बेसनाचं पीठ कालवलेलं, आणि मावशी एकेक फूल त्यात बुडवून सोडत होत्या. वास ओळखीचा वाटला. तोच वास! गेले आठ-दहा दिवस स्टाफरूममध्ये चहाबरोबर गरम भजी येत होती. कशाची म्हणून कुणी विचारलं नव्हतं. सर रोज चार खायचे. मी तीन. एकदा तर मी मावशींना म्हटलं होतं, "मावशी, हात सोन्याचा आहे तुमचा."

"मावशी, आमच्या प्रयोगाची फुलं!" मी म्हटलं. आवाज जरबेचा काढायचा होता, पण तो मध्येच बसला.

"मंग काय झाला?" मावशींनी झारा आपटला. "ती गडी फुलां हायत. त्यांना भोपला लागत न्हाय. सांजच्याला कोमेजून पडतान. मी बाय फुलाला कदी हात लावलाय का? बघा जाऊन."

"बाय फूल म्हणजे?" पोरीने विचारलं.

मावशी कढई तशीच सोडून आमच्याबरोबर वेलापाशी आल्या. एक सरळ, बारीक, लांब देठाची कळी दाखवली. "हा गडी." मग पानाखाली हात घालून एक आखूड देठाची कळी वर केली. तिच्या बुडाशी लिंबाएवढा हिरवा भोपळा होता. कळी उमलायच्या आधीच. "आन् ही बाय. पोटातच भोपला घेऊन येतेय."

मी पंधरा वर्षं फळ्यावर 'अंडाशय' असा बाण काढत आले होते. तो असा लिंबाएवढा, लव असलेला, बोटाला गार लागणारा असतो, हे मी पहिल्यांदा पाहत होते. पोरगी माझ्याकडे बघत होती. मी तिला म्हटलं, "मलाही हे माहीत नव्हतं." ती इतकी खूश झाली, की मिरचीचं रोप पकडलं गेल्याचं दुःख तिला विसरायला झालं असावं.

त्याच वेळी तिची नजर खाली गेली. मातीत असेच दोन बाळभोपळे पडले होते. पिवळे पडलेले, सुरकुतलेले. "हे का गळले, मावशी?"

ते मावशींना सांगता आलं नाही. "गावाला तर असा होत न्हाय," त्या म्हणाल्या. ते मात्र मला येत होतं. गडी फुलातले परागकण बाय फुलाच्या कुक्षीवर पडले तरच भोपळा धरतो, नाहीतर असा वाळून गळतो. दिघाशीत दहा वेल आणि शेकडो माश्या. कुणी दहा-वीस फुलं खुडली तरी काही बिघडत नाही. इथे एकच वेल, माश्या तुरळक, आणि जी गडी फुलं येत होती ती आम्ही शिक्षकमंडळी चहाबरोबर खात होतो. मावशींनी कपाळावर हात मारून घेतला. मग कढईची आठवण होऊन आत पळाल्या. भजी करपली होती.

मी सगळा वर्ग वेलापाशी बोलावला आणि तिथेच, उभ्या उभ्या, ते पान शिकवलं. पुंकेसर, परागकोष, कुक्षी, कुक्षीवृंत, बीजांड, फलन. काही सोडलं नाही. सुरुवातीला दोघं-तिघं खुसखुसले. पण भोपळा का गळला, हे सगळ्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं, त्यामुळे ते हसू लवकर आटलं. त्यानंतर मधल्या सुट्टीत काही मुली वर्गातच थांबल्या आणि त्यांनी फुलांच्या पुढचे, स्वतःच्या शरीराबद्दलचे प्रश्न विचारले. त्यांचीही उत्तरं मी दिली. घड्याळाकडे बघितलं नाही.

मावशींनी दाखवलेली बाय कळी दुसऱ्या दिवशी सकाळी उमलणार होती. भोपळ्याचं फूल एकच सकाळ उघडं असतं. ऊन चढलं की मिटतं. ती एक सकाळ चुकली की तोही भोपळा गळणार. आणि मावशींनी त्या दिवशी फुलांबरोबर मोठ्या गडी कळ्याही खुडल्या होत्या; आमच्या बाजूला उरलेल्या अगदी कोवळ्या, उद्या उमलणारी एकही नव्हती.

"पलीकडे असतील, बाई," पोरगी म्हणाली. "वेल कुंपणाच्या भिंतीवरून गोदामात गेलाय. तिथे मावशींचा हात पोचत नाही."

दुसऱ्या दिवशी मी पहिल्या रिक्षाने आले. मुलं माझ्या आधी हजर. भिंतीला बाक लावून मी वर चढले. पलीकडे गोदामाचे वॉचमन खुर्चीत बसून चहा पीत होते. यूपीकडचे, पांढऱ्या मिशांचे. भिंतीवर अचानक बाईमाणसाचं डोकं उगवलेलं पाहून त्यांनी ग्लास खाली ठेवला.

"क्या हुआ मैडम? चोरी हुआ क्या?"

"नहीं, नहीं. एक फूल चाहिए. आपके साइड में है."

"पूजा के लिए?"

"पूजा नहीं... वो... फूल में एक नर होता है..." माझं भिवंडीचं हिंदी आणि माझा जुना संकोच, दोन्ही एकदम आडवे आले.

माझ्या कमरेखालून पोरीचा आवाज आला, "काका, दूल्हा चाहिए! दुल्हन इधर है!"

वॉचमनकाकांचा चेहरा उजळला. "अरे, तो ऐसा बोलिए ना!" ते उठले. लांब देठाचं एक टपोरं फूल बघून खुडलं आणि माझ्या हातात द्यायच्या आधी त्याच्या पाकळ्या सफाईने सोलून काढल्या. मध्ये पिवळ्या भुकटीने माखलेली दांडी तेवढी उरली. "ऐसे लगाइए. गाँव में हम लोग यही करते हैं." म्हणजे वेलाच्या दोन्ही बाजूंना ज्यांना हे येत होतं ते खिचडी शिजवत होते आणि पहारा देत होते. आणि शिकवायचं काम माझ्याकडे होतं.

तेवढ्यात पाऊस भुरभुरायला लागला. पराग भिजले की संपलं. "छत्री! छत्री!" असा गलका झाला, आणि नेमके त्याच वेळी सर फाटकातून छत्री उघडून आत येत होते. छत्री त्यांच्या हातातून कशी गेली ते त्यांना कळलंच नाही. छत्रीमागोमाग ते आले, तर बाकावर मी, माझ्या हातात पाकळ्या नसलेलं फूल, भिंतीवर वॉचमनचं डोकं आणि वेलावर त्यांचीच छत्री.

"मॅडम, हे काय चाललंय?"

"लग्न, सर!" वर्ग एका सुरात ओरडला.

आणि मग लग्न कसं लावायचं यावरून वाद. एकाला मंगलाष्टका म्हणायच्या होत्या, त्याने रुमाल अंतरपाट म्हणून धरलासुद्धा. दुसरी म्हणाली, आमच्यात आधी बुद्धवंदना घेतात. मागून कुणीतरी विचारलं, "निकाह चालेल का?" फूल मिटायची वेळ होत आली होती. मी सांगितलं, "कोर्ट मॅरेज. साक्षीदार दोन. अलीकडून सर, पलीकडून वॉचमनकाका. चला."

मी ती पिवळी दांडी टेम्पोवाल्याच्या मुलीच्या हातात दिली. तिने श्वास रोखून बाय फुलाच्या कुक्षीवर ती तीनदा हलकेच फिरवली. पिवळी भुकटी चिकटलेली सगळ्यांना दिसली. सर वाकून बघत होते. मग हळूच मला म्हणाले, "मॅडम, ती भजी... परवा मीच मावशींना म्हणालो होतो, जरा जास्त करा म्हणून." त्यांचा चेहरा अगदी पडला होता. मीही तीन-तीन खाल्ल्याचं त्यांना सांगितलं. मग जरा बरं वाटलं त्यांना.

चार दिवस कुणाच्या जिवाला चैन नव्हतं. पाचव्या दिवशी पाकळ्या गळून पडल्या आणि खालचा भोपळा हिरवागार राहिला. आठवड्याने तो संत्र्याएवढा झाला. पोरगी रोज आपल्या केसांच्या रिबिनीने त्याचा घेर मोजायची आणि रिबिनीवर पेनाने खूण करायची. एक दिवस रिबीन पुरेना, तिने दुसऱ्या वेणीचीही सोडून पहिलीला जोडली. पुढचा महिनाभर ती दोन रबरबँड लावून शाळेत आली. तिच्या आईचा निरोप आला, रिबिनी कुठे गेल्या म्हणून. मी उत्तर पाठवलं, विज्ञानाला दिल्या.

भिंतीच्या माथ्यावर टेकलेला भोपळा वजनाने पलीकडे घसरला. वॉचमनकाकांनी त्याच्याखाली लाकडी पॅलेट लावलं, वर पॅकिंगचा फोम अंथरला, आणि पार्सलावर लावतात तसला 'नाजूक – काळजीपूर्वक हाताळा'चा स्टिकर त्याच्यावर चिकटवला. मुलांनी खाली पत्ता लिहिला : इयत्ता सातवी, भिंतीपलीकडे.

घटक चाचणीत मी प्रश्न घातला, 'भोपळ्याच्या नर फुलाचे कार्य लिहा.' बहुतेकांनी बरोबर लिहिलं. एकाने लिहिलं, 'मादी फुलाला परागकण देणे. मावशींनी आधी पाहिल्यास भजी होणे.' मी पूर्ण गुण दिले. हा पेपर सरांनी तपासणीसाठी मागवला, तेव्हा त्या उत्तराखाली त्यांनी बारीक अक्षरात 'सत्य' असं लिहून सही केली.

दिवाळीच्या सुट्टीच्या दोन दिवस आधी भोपळ्याचा देठ वाळला. टिचकी मारली की पोकळ आवाज यायचा. मावशींनी विळी आणली आणि वर्गातच तो मधोमध कापला. केशरी गर, आत धाग्यांच्या जाळीत ओळीने बसलेल्या पांढऱ्या बिया.

"यातली एकेक बी म्हणजे एक बीजांड आणि एक परागकण," मी म्हटलं.

पोरीने एक चपटी बी उचलली. दाबून बघितली. "ही रिकामी आहे, बाई."

"तिच्यापर्यंत पराग पोचला नसेल."

"मी नीट फिरवलं नसेल का?"

"तू नीटच फिरवलंस. बाकीच्या बघ की किती भरल्यात."

तिने भरलेल्या बिया मोजायला घेतल्या, मध्येच चुकली आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.

अर्धा भोपळा आम्ही भिंतीवरून वॉचमनकाकांना दिला, अर्धा मावशींनी घेतला. दुसऱ्या दिवशी मावशींनी गुळाचे घारगे तळून आणले, आणि काकांनी भिंतीवरून स्टीलचा डबा दिला. त्यात मेथीदाणे आणि आमचूर घातलेली आंबट-तिखट भाजी. मावशी भाजी चाखून म्हणाल्या, भोपला आंबट कोण करतो? काका पलीकडून म्हणाले, कद्दू को मीठा कौन बनाता है? भिंतीच्या दोन्ही बाजूंनी हा वाद बराच वेळ चालला. शेवटी सरांनी हात वर करून मतदान घ्यायला लावलं. घारगे दोन मतांनी जिंकले. काकांनी हसत हार मान्य केली आणि डबा परत मागितला. तो तोवर चाटूनपुसून रिकामा झाला होता. नंतर मागच्या बाकावरून कळलं, की टेम्पोवाल्याच्या मुलीने घारग्यांसाठी हात तीन वेगवेगळ्या जागी उभं राहून वर केला होता.